तोयोसू ते शिमोनोसेकी: कच्च्या माशांच्या मागावर

मंगळवार, टोकियो

तोयोसूच्या मासळी बाजारातला ट्यूनाचा लिलाव पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे रात्रीची झोप नावापुरतीच झाली. भाची निशी-कासाईला राहते. टोकियोतल्या भारतीयांचं हे ठाणं. खालच्या दुकानात कढीपत्ता आणि पोहे दोन्ही मिळतात. "मामा, स्वेटर घे. आणि काही खाऊन निघू नकोस," अशी ताकीद देऊन तिनं टॅक्सी बोलावली. लिलाव जवळून बघायचा तर आधी अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव यावं लागतं. तिनं ते काम उरकून ठेवलं होतं. नाव आलं नाही, तर वरच्या मजल्यावरून जाड काचेपलीकडचा मूकपट बघायचा.

हा बाजार इथं आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याआधी १९३५ पासून तो त्सुकिजीला होता आणि त्याच्याही आधी निहोनबाशीला. निहोनबाशीचा बाजार १९२३ च्या भूकंपात बेचिराख झाला. त्सुकिजीच्या बाहेरची दुकानं अजून तिथंच आहेत, पर्यटकांची झुंबडही तिकडेच. तोयोसूच्या इमारतीत मासळीचा वास येत नाही. हे कौतुक समजावं की तक्रार, हे माझं अजून ठरलेलं नाही.

खाली हिरव्या फरशीवर ट्यूना ओळीनं मांडलेले होते. गोठवलेल्यांच्या अंगावर पांढरं दव आणि धुकं, ताज्यांची अंगं काळीभोर. प्रत्येकाची शेपटी कापून आतलं मांस उघडं ठेवलेलं. गमबूट घातलेले व्यापारी एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात आकडा घेऊन फिरत होते. शेपटीच्या कापावर उजेड टाकायचा, चिमूटभर मांस काढायचं, ते अंगठा आणि बोटात चोळायचं आणि चरबीचा अंदाज घ्यायचा. आमच्या रेवदंड्याला आजी सुरमईचा कल्ला उचलून बघायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हाच अविश्वास असे. मग घंटा वाजली. लिलाव पुकारणारा अंगात आल्यासारखा लयीत ओरडू लागला आणि समोरचे लोक तोंडातून शब्द न काढता बोटांच्या खुणांनी बोली लावू लागले. काही सेकंदांत एक मासा जातो. कोणता कोणाला गेला हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही.

जानेवारी २०१९ च्या पहिल्या लिलावात आओमोरीतल्या ओमा बंदराचा २७८ किलोचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. ती किंमत माशाची नव्हती, वर्षाच्या पहिल्या माशाबरोबर फुकटात मिळणाऱ्या जाहिरातीची होती. रोजचा व्यवहार एवढा नाट्यमय नसतो. मला जास्त रस होता तो गोठवलेल्या रांगेत. हे मासे बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत नेतात. घरच्या फ्रीजच्या थंडीत ट्यूनाचा लाल रंग काही दिवसांत तपकिरी पडतो, इतक्या खाली तो टिकतो. "गोठवलेला म्हणजे दुय्यम" हा आपला किनाऱ्यावरचा हिशेब इथं चालत नाही.

लिलावानंतर त्याच आवारातल्या एका छोट्या सुशीच्या दुकानात रांग लावली. आठ-दहा जणांपुरता लाकडी कट्टा, पलीकडे आचारी. तो एकेक घास वळून समोर ठेवत जातो. आत वसाबी, म्हणजे एक झणझणीत हिरवा कंद, त्यानंच लावलेली असते, म्हणून सोया सॉसमध्ये वसाबी कालवायची नाही आणि बुडवायचाच तर मासा बुडवायचा, भात नव्हे. (भात बुडवला की तो सॉस पिऊन फुटतो. शेजारच्या गृहस्थाचा फुटला.) वसाबी शार्कच्या खरखरीत कातडीवर गोल गोल घासतात. तिचा झणका घासल्यावरच तयार होतो आणि काही मिनिटांत उडून जातो, म्हणून ती आयत्या वेळी किसायची. नाकात चढते, पण जिभेवर राहत नाही.

पहिला घास ओतोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग. तोंडात ठेवला आणि चावायचं काम उरलंच नाही. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, याच भागाला कोणी विचारत नसे; मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल असा मासा, अशी त्याची ख्याती. बर्फ नसलेल्या काळात चरबी आधी खराब होते, त्यामुळे ते साहजिकच होतं. तेव्हा मान होता तो लाल मांसाला आणि तेही सोया सॉसमध्ये मुरवून. तोही घास पुढे आला. त्यानंतर कोहादा, चांदीसारख्या कातडीचा छोटा मासा, आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये ठेवलेला. मग उकडलेली कोलंबी. मग गोडसर रसात शिजवलेला आनागो, म्हणजे समुद्री वाम. एवढ्या पहाटे मी कच्चे मासे खायला म्हणून आलो आणि निम्म्या घासांवर आधीच कसले ना कसले संस्कार झालेले! हाताने वळलेल्या सुशीचं श्रेय ज्याला देतात त्या हानाया योहेईनं १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, धंदा मांडला तेव्हा मासा टिकवणं हाच मुख्य प्रश्न होता. मीठ, व्हिनेगर, सोया सॉस आणि उकळी, ही त्याची उत्तरं.

मी सामन मागणार तेवढ्यात भाचीनं मनगट दाबलं. "मामा, इथं नको. तो फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात खाऊ." जपानी किनाऱ्यावरच्या सामनमध्ये जंत असतात म्हणून तो पूर्वापार शिजवून किंवा खारवूनच खात. कच्चा सामन लोकप्रिय केला तो नॉर्वेनं, १९८०च्या दशकात, पिंजऱ्यांत वाढवलेला मासा विकायला बाजार हवा होता म्हणून. आज जपानी मुलांना विचारलं तर आवडत्या सुशीत सामनचं नाव पहिल्या काहींत येतं. जुन्या पठडीच्या कट्ट्यावर मात्र तो बहुधा दिसत नाही.

बुधवार, तोयामा

शिनकानसेन या वेगवान गाडीनं दोन तासांच्या थोडं वर. डाव्या हाताला हिमाच्छादित तातेयामा पर्वत आणि उजव्या हाताला समुद्र. तोयामाच्या आखाताची खोली किनाऱ्यापासून फार दूर न जाताच हजार मीटरच्या खाली जाते. खोल पाण्यातला मासा इथं बंदराच्या दारात असतो आणि बोट गेली की तासाभरात परत येते.

संध्याकाळी स्टेशनमागच्या एका छोट्या खाणावळीत बसलो. मालकच आचारी. भाचीनं ओळख करून दिली की मामा कोकणातला आहे, मासेखाऊ आहे, पण मासा तळल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. शेवटचं वाक्य तिच्या पदरचं. त्याचा परिणाम चांगला झाला. मालक आमच्यासमोर उभा राहून समजावूच लागला.

त्यानं टाकीतला हिरामे काढला, लेप्यासारखा चपटा. डोक्यात एक अणकुचीदार सळई, एका क्षणात. मग कल्ल्याशी आणि शेपटीशी काप देऊन रक्त जाऊ दिलं आणि शेवटी पाठीच्या कण्यातून बारीक तार सारली. मासा एकदा थरथरला आणि सैल पडला. याला इकेजिमे म्हणतात. मासा तडफडून मेला तर स्नायूंतली ऊर्जा तडफडण्यातच संपते, लवकर ताठरतो आणि लवकर उतरतो. असा झटकन मारला तर ती ऊर्जा आत राहते आणि पुढच्या तासा-दिवसांत तिचंच इनोसिनेट बनतं, म्हणजे चव बनते. म्हणून हा मासा आज खायचा नाही, असं मालक म्हणाला. आज फक्त करकरीत लागेल, उद्या-परवा गोड होईल. ताज्याहून ताजा तोच उत्तम, असं मी जन्मभर मानत आलो. माझा चेहरा बघून तो हसला.

आम्हांला मिळाला तो आदल्या दिवशीचा, कोबुजिमे केलेला. माशाचे पातळ काप कोम्बूच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, दोन पट्ट्यांत दाबून रात्रभर ठेवतात. कोम्बू माशातलं पाणी ओढतो आणि स्वतःतलं ग्लुटामेट, म्हणजे चव वाढवणारं द्रव्य, त्याला देतो. काप किंचित पिवळसर, जरा चिवट आणि आरपार दिसणारे झाले होते. सोया सॉसची गरजच नव्हती. १९०८ मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदांनी ज्या पदार्थातून ग्लुटामेट वेगळं केलं, तो हाच कोम्बू. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनिटोत, म्हणजे ट्यूनाच्या कुळातल्या एका लहान माशात, इनोसिनेट शोधलं. ही दोन्ही एकत्र आली की चव कित्येक पटींनी वाढते, हे प्रयोगशाळेत कळायच्या आधीपासून इथल्या स्वयंपाकघरांना ठाऊक होतं. गंमत म्हणजे तोयामाच्या किनाऱ्यावर कोम्बू उगवतच नाही. तो उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून येतो. एदो आणि त्यानंतरच्या मेइजी काळात कितामाए-बुने नावाची मालवाहू गलबतं तो आणत असत, तेव्हापासून या गावाला त्याचं व्यसन लागलं.

त्याच जेवणात शिरो-एबी. ही करंदीएवढी गुलाबीसर पांढरी कोलंबी, एप्रिलमध्ये हंगाम सुरू होतो. एवढ्याशा जिवाचं साल हातानं काढायचं आणि वाटीभर सोललेली कच्ची कोलंबी पुढे ठेवायची, यात किती कष्ट असतील याचा विचार करत मी ती फार भरभर संपवली. गोड, चिकटसर, जिभेला बिलगणारी. आपली करंदी अशी खाण्याचं धाडस मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

गुरुवार, नामेरिकावा, कानाझावा आणि रात्री ओसाका

नामेरिकावाच्या बंदरातून मध्यरात्रीनंतर पर्यटकांची बोट निघते, होतारू-इका म्हणजे काजवा-माकूल बघायला. वारा सुटला आणि बोट रद्द झाली. निराशा झालीच. सकाळी तिथल्या होतारू-इका संग्रहालयात दिवे मालवून जिवंत माकूल दाखवले. बोटभर लांबीचे जीव, जाळी हलवली की निळे ठिपके पेटतात. मार्च ते मे या काळात अंडी घालायला माद्या रात्री किनाऱ्याशी येतात आणि किनाऱ्यालगत कायम लावून ठेवलेल्या जाळ्यांत सापडतात. हा समुद्राचा भाग १९५२ पासून विशेष नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहे.

कच्च्या खाण्याच्या बाबतीत हा जीव शिस्त शिकवतो. त्याच्या आतड्यांत एक सूक्ष्म जंत असतो. अख्खा कच्चा खायचा असेल तर आधी उणे ३० अंशांना चार दिवस किंवा त्याहून जास्त गोठवावा लागतो, नाहीतर आतडी काढून टाकावी लागतात. बाजारात म्हणून बहुतेक उकडलेलेच दिसतात, मोहरी घातलेल्या आंबटगोड मिसोबरोबर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याबरोबर. कच्चे खायचे तर फक्त पाय, शेवयांसारखे वाटीत. मी दोन्ही खाल्ले. उकडलेला सरस. पोटातला कडवट-खारट गाभा हीच त्याची खरी चव आहे आणि ती नुसत्या पायांत कुठून येणार?

कानाझावाचा ओमिचो बाजार तीनशे वर्षांचा आहे आणि दुपारी बारा वाजता त्यात पाय ठेवायला जागा नसते. भातावर दहा प्रकारचे मासे रचून वर सोन्याचा वर्ख लावलेला वाडगा सगळे फोटोसाठी घेत होते. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो, तेव्हा हक्क त्यांचा आहे, पण वर्खाला चव नाही. नोदोगुरो मात्र सोडू नका. तोंड आतून काळं असलेला लाल मासा, कातडीला नुसती ज्योत दाखवलेला. कातडीखालची चरबी सुटते आणि मांस कच्चंच राहतं.

त्सुरुगाला गाडी बदलून रात्री ओसाका. मेघगर्जनेसारखी भूक घेऊन जेवायला बसलो, तर भाचीनं मागवली बात्तेरा: साच्यात दाबलेला भात, वर मुरवलेला साबा आणि त्याच्यावर कोम्बूचा पारदर्शक पापुद्रा. साबा बांगड्याच्याच कुळातला. बांगडा कच्चा? मी जरा थांबलो. मीठ चोळून ठेवलेला, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेला, कडा पांढऱ्या आणि मध्ये अजून गुलाबी. चव जोरकस, आंबट, तेलकट, आपल्या जिभेला चटकन पटणारी.

इथंच आनिसाकिसची गोष्ट सांगून टाकतो, कारण परत गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. साबा, माकूल, बोनिटो अशा माशांत हा दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा जंत असतो. मासा मेला की तो आतड्यांतून मांसात शिरतो आणि जिवंत पोटात गेला तर जठराच्या भिंतीला धरतो. वेदना भयंकर असतात आणि डॉक्टर दुर्बीण घालून तो चिमट्यानं काढतात. व्हिनेगरनं तो मरत नाही, मिठानं नाही, वसाबीनंही नाही. मरतो उणे २० अंशांत चोवीस तास ठेवल्यावर किंवा शिजवल्यावर. म्हणून आचारी आतडी ताबडतोब काढतो आणि प्रत्येक काप उजेडात बघतो. "कच्चं खाऊन यांना काही होत नाही" ही आपल्याकडची समजूत चुकीची. होतं. म्हणूनच एवढी काळजी घेतात.

शुक्रवार, कोची

केरळातलं नव्हे, शिकोकू बेटावरचं. ओकायामाहून गाडी समुद्रावरचा पूल ओलांडते आणि ओबोकेच्या दरीतून वळणं घेत डोंगर पार करते. पलीकडे प्रशांत महासागर आणि त्यातून जाणारा कुरोशिओ प्रवाह. या उबदार प्रवाहाबरोबर वसंतात बोनिटो उत्तरेकडे निघतो आणि शरदात चरबी चढवून परततो. गळ टाकून एकेक मासा बोटीवर उडवण्याची इथली पद्धत आपल्या लक्षद्वीपच्या मासेमाऱ्यांचीही आहे. मासाही तोच. तिथं तो उकडून, धुरावून, वाळवून मासमीन होतो.

हिरोमे बाजार म्हणजे छपराखाली टेबलं, भोवती खाण्याच्या टपऱ्या आणि दुपारीच रंगलेली मैफल. ओळख नसलेले लोक एकाच बाकावर बसतात आणि अर्ध्या तासात तुमच्या पेल्यात साके ओततात. एका टपरीवर काचेआड भाताच्या पेंढ्याचा जाळ. तरुण आचारी लोखंडी जाळीवर बोनिटोचा कातडीसकट तुकडा ठेवून ज्वाळांत घालतो, जाळ छताला भिडतो, कातडी तडतडते आणि दीड-दोन मिनिटांत तुकडा बाहेर. बाहेरून करपलेला, आतून थंड आणि लाल. पेंढाच का, तर तो क्षणात भडकतो आणि प्रचंड तापतो, त्यामुळे पृष्ठभाग जळतो तोवर आत आच पोचतच नाही. शिवाय धुराचा वास लागतो. मग बोटभर जाडीचे काप, वर जाडं मीठ, कांद्याची पात आणि कच्च्या लसणाच्या चकत्या.

लसूण! त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा माझ्या ओळखीचं कोणी भेटलं. या कात्सुओ नो ताताकीबद्दल, म्हणजे वरून भाजलेल्या बोनिटोबद्दल, अशी आख्यायिका सांगतात की तोसा, म्हणजे आजच्या कोची, प्रांताचा सरदार यामाउची काझुतोयो यानं विषबाधेच्या भीतीनं कच्च्या बोनिटोवर बंदी घातली, म्हणून लोकांनी वरून भाजून "हा शिजवलेलाच आहे" असं दाखवायला सुरुवात केली. खरंखोटं कोण जाणे, पण लोकांचा स्वभाव बघता पटण्यासारखी आहे. शेजारच्या आजोबांनी सोया सॉसवाली थाळी घेणाऱ्या माझ्या भाचीकडे बघून मान हलवली आणि आपल्या थाळीतला मिठाचा एक काप तिच्या थाळीत ठेवला. ते बरोबर होते. वसंतातला मासा बिनचरबीचा असतो, त्याला मीठच पुरतं. दुसरी थाळी मागवली, मग तिसरीही.

शनिवार, शिमोनोसेकी

दिवस गाडीत गेला. ओकायामा, कोकुरा आणि तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून होन्शू या मुख्य बेटाचं पश्चिम टोक.

रात्री फुगू, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा. घरी फोन करून सांगितलं नाही, कारण आई जागी राहिली असती. विष असतं ते मुख्यतः यकृतात आणि अंडाशयात, नाव टेट्रोडोटॉक्सिन. शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. म्हणून हा मासा परवानाधारक आचाऱ्यानंच सोलायचा असतो. जानेवारी १९७५ मध्ये क्योतोत काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातले नामवंत नट आठवे बांदो मित्सुगोरो फुगूचं यकृत हट्टानं खाऊन गेले. आज यकृत वाढायलाच बंदी आहे.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीनं सोळाव्या शतकाच्या शेवटी फुगू खाण्यावर बंदी आणली होती, कारण कोरियावरच्या स्वारीसाठी जमलेले सैनिक लढाईआधीच मरू लागले. ती या ना त्या रूपात मेइजी काळापर्यंत राहिली. मग पंतप्रधान इतो हिरोबुमी इथल्या शुनपानरो या खानावळीत आले. त्या दिवशी दुसरा मासा नव्हता, मालकिणीनं शिक्षेची तयारी ठेवून फुगू वाढला आणि इतोंना तो इतका आवडला की १८८८ मध्ये यामागुची प्रांतापुरती बंदी उठली. १८९५ चा चीन-जपान तह याच वास्तूत झाला. तहाच्या जेवणात काय होतं ते विचारायची माझी फार इच्छा होती.

रंगीत नक्षीची मोठी थाळी आली. त्यावर फुगूचे काप शेवंतीच्या पाकळ्यांसारखे मांडलेले आणि इतके पातळ की खालची नक्षी दिसावी. पातळ कापण्यात मिरवणं नाही, गरज आहे. मांस इतकं चिवट असतं की जाड काप चावतच राहावा लागेल. पोन्झू या आंबट सॉसमध्ये बुडवून, बारीक पातीभोवती गुंडाळून खायचं. चव? पहिल्या घासाला काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्याला मंद गोडवा लागतो. खरं सांगायचं तर या पैशांत कोचीला आठवडाभर जेवलो असतो. भाचीचं मत उलटं. ती म्हणाली, "मामा, तुला सगळ्यात लसूण पाहिजे."

रविवार, कारातो आणि पलीकडे मोजी

शुक्रवार ते रविवार कारातोचा घाऊक बाजार सकाळी सुशीची जत्रा होतो. विक्रेते टेबलं मांडतात, आपण प्लास्टिकचा ट्रे आणि चिमटा घेऊन एकेक तुकडा निवडायचा, मोजून पैसे द्यायचे आणि बाहेर धक्क्यावर बसून कानमोन सामुद्रधुनीतली जहाजं बघत खायचं. कट्ट्यावरचा शिष्टाचार, आचाऱ्याची नजर, काही नाही. माझ्या ट्रेमध्ये चुतोरो, म्हणजे मध्यम चरबीचा ट्यूना, तिसऱ्यांच्या जातीची एक शिंपली, हामाची नावाचा मासा आणि पुन्हा फुगू, या वेळी भातावर आणि रास्त दरात. कालच्यापेक्षा आवडला. आठवड्यातलं सगळ्यात मोकळं जेवण हेच.

सामुद्रधुनीखालून पायी जाण्याचा बोगदा आहे, १९५८ चा, ७८० मीटरचा. चालणाऱ्यांना फुकट. मध्ये जमिनीवर दोन प्रांतांची सीमारेषा आखली आहे आणि तिथं प्रत्येक जण एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतो. आम्हीही काढला. पलीकडच्या मोजीची ख्याती मात्र मासळीसाठी नाही, याकी-करीसाठी आहे: भातावर करी, वर चीज आणि अंडं, भट्टीत भाजून रटरटत आणलेली. मी सीफूडवाली मागवली. आतले माकूल आणि कोलंबी व्यवस्थित शिजलेले होते. आठवडाभरात पहिल्यांदा माझी जीभ भाजली.